दोन्ही हातांनी

भाऊबीज झाली की तिसऱ्या दिवशी
सावरटोल्याची मंडई.
तलावाच्या पाळीवर शिंगाड्यांचे ढीग,
गोवाऱ्यांची ढाल निघायची अजून बाकी,
नि शाळेमागच्या बांदीत, जिथलं धान कापून चारच दिवस झाले,
चैतराममामाचा पाळणा उभा.

चार खोके, एक आस, दोन माणसं लोटणारी.
मोटर नाही. मामा म्हणतो,
मोटरीले काय समजते, कोनाच्या पोटात कालवते ते.

मी तीन वर्षांनी आले.
जपानात म्हाताऱ्यांचं करते:
उठवणं, भरवणं, रात्री कूस बदलून देणं.
त्यातलं कुणी काही विचारलं नाही.
मामाला ऐकायचं होतं त्या पार्काचं,
ज्याचा फोटो माझ्याआधी गावभर फिरून आला होता.

"तिकीट?"
साडेपाच हजार, आपले.
लोटता लोटता त्यानं हिशेब केला.
"माहे साडेपाचशे फेरे. नि जेवन?"
वेगळं.
"नि रांग?"
सव्वादोन तास. बसायचं चार मिनिटं.
मामा एवढा हसला
की वरच्या खोक्यातल्या पोरी
तिथंच अडकून किंचाळायला लागल्या.

"आस कायची आहे? तेल कोन टाकते?"
मला माहीत नव्हतं.
डोंगर होता, डोंगरातून पाण्यात पडणारी नाव होती,
किल्ला होता, त्यात कुणी राहत नव्हतं.
एक खिळा दिसला नाही.
एकदाही काही कुरकुरलं नाही.
"मंग बिघडलं हे समजते कसं?"
तो मान हलवत राहिला.

हे नाही सांगितलं:
की पाठवलं मला हामादाबाईंनी, वय त्र्याण्णव,
ज्या माझं नाव रोज नव्यानं विचारतात.
जाऊन ये, म्हणाल्या, आणि मला सांग.
गेले. सांगितलं.
दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, जाऊन ये.

की एकटीच होते, सुट्टीच्या मंगळवारी.
एकट्यांची रांग तिथं वेगळी, लवकर सरकते.
कुठल्यातरी कुटुंबात एक जागा उरली
की तिथं बसवतात आपल्याला.
अशी मी तीन घरांत बसून आले.
एका पोरानं नाव कोसळताना माझा दंड घट्ट धरला,
खाली आल्यावर वर बघितलं
नि सोडला.

मामाचा नातू लोकेश तिकिटं फाडतोय
मी आणलेला कानांचा पट्टा डोक्यावर घालून.
कुणी म्हणतं अस्वलाचे कान, कुणी म्हणतं बोकडाचे.
तो कुणाशीच भांडत नाही, दहाची नोट तेवढी घेतो.

एक गोष्ट मात्र सांगितली मामाला.
नाव सुटते ना, तेव्हा तिथली कामाची माणसं
दोन्ही हात हलवून निरोप देतात.
चार मिनिटांसाठी जाणाऱ्याला.
ओळख ना पाळख. दिवसभर.
"दोन्ही हातांनी?"
दोन्ही.
"मंग लोटते कोन?"

दिवेलागणीला नाटकाच्या मंडपात पेटी सुरात लावत होते,
तेव्हा बघितलं,
मामानं एक जोराचा लोट दिला,
आस आपल्या वेगानं फिरायला लागली,
नि त्यानं दोन्ही हात वर केले.
पलीकडच्या फागोला वाटलं काहीतरी तुटलं.
त्यानं छातीनं रेटून पाळणा थांबवला.
"का झालं गा?"
"काही नाही. लोट."

मग एका खोक्यात एक जागा उरली.
पाहुणे होते कुणाचे तरी, आई-बाप नि मांडीवर पोरगी.
"बस, बाई," मामा म्हणाला.
लोकेशनं माझ्याकडूनही दहा रुपये घेतले.

आस कुरकुरली. धानाचे धांडे, दिवे,
शिंगाड्यांची हिरवी-लाल रास,
आणि मग सगळं खाली, मामासकट,
हात वर, डोळे माझ्यावर नाहीत, सगळ्यांवर.
मीही दोन्ही हात उचलले.

"दांडा धर!" तो खालून ओरडला,
"दांडा धर ना, बाई!"