नमुना

सोमवारपासून औषध चढवणार.
त्याआधी गुरुवारी, नेहरूनगरच्या इस्पितळात,
दुसऱ्या मजल्यावर एक खोली, आतून कडी,
प्लास्टिकची डबी, झाकणावर माझं नाव
भरमाणी कणबरकर, त्यातही एक अक्षर जास्त.

बाहेर लिफ्टपाशी कुणीतरी
कन्नडात दुधाच्या दराबद्दल भांडत होतं.
अशा वेळी माणसानं काय आठवावं?
मला आठवली बिलं, मानेवरची गाठ,
आणि बाकड्यावर बसलेली आई,
जिला मी सांगितलंय : रक्त तपासतायत.
आधी लाजलो. मग लाजेचाही कंटाळा आला.
मग झालं.

शिवलीला सिस्टर डबी घेताना
डबीकडे बघत नाही, माझ्याकडे बघते.
"मदुवे?"
लग्न नाही, म्हणालो.
"मगु?"

उद्यमबागेत सात वर्षं
गोकाकच्या पोरांच्या डब्यात जेवलोय,
मगु म्हणजे मूल, मला येतं.
पण त्या दिवशी कानाला काय झालं,
ऐकू आलं आपलंच : मग?

सहा महिने औषध, मग?
केस गेले, परत आले, मग?
ती एवढंच विचारतेय, मूल आहे का,
आणि मी तिच्याकडे बघतोय
जणू तिच्या वहीत पुढचं सगळं लिहिलंय.
"इल्ल," म्हणालो. "अजून नाही."
ते अजून तिनं कुठल्या रकान्यात घातलं
कुणास ठाऊक.

फॉर्म तीन पानी, कन्नड आणि इंग्रजी.
मराठी पान मागायला माझा चुलता
रस्त्यावर बसला असता. आज मला तेवढी ताकद नाही.
तिनंच बोट ठेवून सांगितलं :
वर्षाला भाडं. भाडं चुकलं तर टाकून देणार.
आणि खाली, बारीक अक्षरात,
मी नसलो तर याचं काय करायचं.
चौकोन तीन.

मी मोल्डर आहे. चौदाशे डिग्रीचं लोखंड
रोज हातानं ओततो, भीती वाटत नाही.
उणे एकशे शहाण्णव म्हटल्यावर मात्र
दंडावरचे केस उभे राहिले.

आमच्या फाउंड्रीमागं एक शेड आहे.
फळ्यांवर लाकडी पॅटर्न, खडूनं टाकलेले नंबर,
कुठल्या पंपाचे, कुठल्या गुऱ्हाळाच्या चरकाचे,
ज्यांचे होते त्या कंपन्याही बुडाल्या.
दर दिवाळीला झाडताना मी म्हणायचो,
मालक, जाळूया की.
मालक रॉकेलचा बोळा फिरवत म्हणायचे,
ऑर्डर काय सांगून येत्या काय रे?
एकदा खरंच आली. एकोणीस वर्षांनी,
हुक्केरीचा एक म्हातारा,
पिशवीत तुटका दात घेऊन.
शेडमध्ये त्याचा पॅटर्न होता.
बाकीचे अजून फळीवरच आहेत,
हेही सांगायला पाहिजे.

मी खूण केली : नष्ट करावे.
आईच्या नावावर काही ठेवलं नाही.
ती त्या टाकीला भेटायला
दर सोमवारी येऊन बसली असती.

बाकड्यावर आई रताळं सोलत होती,
कडोलीहून उकडून आणलेलं.
"काय काय घेतलं रे आत?"
"नमुना."
"जन्मापास्नं नमुनाच हैस तू," म्हणाली,
आणि मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

तेवढ्यात सिस्टर जिन्यावरून वाकून,
"नाळे बन्नी!"
एकानं भागत नाही म्हणे, उद्या परत.

"काय म्हणाली ती?"
तोंडात रताळं होतं.
बोटानं सांगितलं, थांब.