हिरड्यांचा रंग

तेगिदने आणली ती, माझ्या भाच्याने, कार्डिफहून.
"मावशी, दहा हजार ल्युमेन!"
आणि अंगणातूनच समोरच्या डोंगरावर झोत टाकला.
एमरिसच्या गोठ्याची खिडकी पांढरीफटक पडली,
त्याचा कुत्रा भुंकला, मग एमरिसही.

मी काही बोलले नाही.
बत्तीस वर्षं जहाजांचे रेडिओ दुरुस्त केलेल्या बाईला
आकडा दाखवला की ती स्क्रूड्रायव्हर शोधते.

रात्री चारही सेल काढून
पीठ मोजायच्या काट्यावर ठेवले.
तीन भरले सेहेचाळीस ग्रॅम, चौथा एकोणतीस.
वेष्टन तेच, अक्षरं तीच, पोट रिकामं.
मग आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात झोत सोडला,
भोकापाशी मापक धरला.
दहा हजार कुठले, जेमतेम तीन.
चौथ्या मिनिटाला दोन.
सहाव्याला हातात धरवेना, उकडलेला बटाटा नुसता.
काही पाहुणे असतात तशी:
चहा गार होईतो मोठा आवाज, मग जांभया.

हे सगळं चाललं असतं.
बटाटा हातमोज्यात धरता येतो.

पण अकरा मार्चला, वरच्या दगडी भिंतीआड,
गारा पडत असताना मेंढी व्याली, जुळं,
आणि मी बोटाने कोकराचा ओठ उलटा केला.
हिरड्या राखाडी निळ्या.
दुसऱ्याच्याही निळ्या.
मेंढीच्याही. माझा अंगठाही.
त्या उजेडात आम्ही सगळीच मेलेली.
कुणाला आधी कोटात घ्यायचं ते कळेना.
घेतलं ते ठणठणीत निघालं.

नवा दिवा पोस्टाने यायला नऊ दिवस लागले.
पाकिटावर लिहिलेलं: उबदार, रंग खरे,
उजेड तिसऱ्या हिश्शाने कमी.
बरणी उघडायच्या रबराने तोंडाची कडी फिरवली.
काच निघाली, चकाकती वाटी निघाली,
तळाशी तांब्याच्या चकतीवर
मसुरीएवढा पिवळट चौकोन.
एवढासाच, आणि केवढा तोरा.

आईचा बिडाचा तवा आहे, तडा गेलेला,
त्यावर ती बेदाण्यांच्या गोड चकत्या भाजायची.
त्यावरच ठेवली. आंच मंद.
कथील बराच वेळ मळकट, मग एकाएकी पाणी.
चिमट्याने जुना उचलला, नवा ठेवला,
जरा वाकडाच पडला.
मी हात लावला नाही.
वितळलेल्या कथलानेच त्याला ओढून सरळ केलं,
नुकतं उभं राहिलेलं कोकरू
डोळे मिटून आचळाशी पोचतं, तसं.

उरलं ते हमालीचं काम.
स्प्रिंगांवर तांब्याची वेणी, चकतीखाली लेप,
चार नवे सेल, चारही तोलून घेतलेले.
बटण बंद असलं तरी ही चोरून वीज पिते,
म्हणून शेपटीची टोपी पाव फेरा सैल ठेवायची.
हे खडूने दारामागे लिहून ठेवलंय.
विसरते मी अलीकडे.

शनिवारी तेगिद आला, पुन्हा डोंगरावर झोत.
डोंगर दिसला. एमरिसची खिडकी नाही.
"मावशी, बिघडवलीस तू."
म्हटलं, तोंड उघड.
उघडलं त्याने, सव्वीस वर्षांचा घोडा.
हिरड्या गुलाबी, एक दाढ किडलेली,
जिभेवर जांभळा डाग,
मला न विचारता खाल्लेल्या मुरंब्याचा.

त्याच रात्री, पावणेतीनला, फाटकाच्या आतल्या बाजूला,
दोन कोकरं, ओली, वाफाळती.
एकाच्या हिरड्या लालसर. त्याला आईपाशी ढकललं.
दुसऱ्याचा ओठ उलटा केला.

कोटाची बटणं एका हाताने निघत नाहीत.
विजेरी गवतात टाकली, पेटती.