शून्य कुठे होतं

स्टेशनचा इतिहास लिहून द्या, असं विद्यापीठाचं पत्र आलं.
पानं दोन, फोटो चालतील, मुदत मार्चअखेर.
मी नोंदवह्या काढल्या. एकोणचाळीस.
कपाटाला अजून वाळल्या कोचायुयोचा वास,
चामड्याचा आणि थोडा आयोडीनचा.

पहिल्या वहीत डॉक्टर ओटिंगरबाईंचं अक्षर, तिरकं, घाईचं:
‘पुन्ता लेन्गा. सकाळचे आठ. पाणी ११.४. वारा उत्तरेचा.
छपराला पत्रे कमी पडले.’
आठव्या पानापासून एलेउतेरिओ वेन्चुमानचं.
हा बुडी मारून खडकावरचे शंख सोडवणारा.
बाईंनी त्याला होडीवर ठेवलं
आणि दशांश चिन्ह शिकवलं.
ते त्याला फार आवडलं असावं:
एकेक टिंब खिळ्यासारखं ठोकलंय,
पान उलटलं की बोटाला लागतं.

बादली, दोरी, थर्मामीटर.
भरती मोजायला खडकात रोवलेली पट्टी,
तिच्यावर पांढऱ्या रंगात शून्य.
अठरा वर्षं, नाताळ धरून.

मग मे महिन्यातला तो रविवार.
जमीन हलली, समुद्र मागे गेला,
खाडीचा तळ उघडा पडला, लोक बघायला उतरले.
पुढची नोंद चार दिवसांनी:
‘पट्टी नाही. होडी नाही.
डॉक्टरबाई टेकडीवर आहेत, बऱ्या आहेत.
माझी ओर्तेन्सिया सापडली नाही.
पाणी ११.९.’

मोजणीवाले आले, म्हणाले किनाराच खचलाय, दीड मीटर.
नवी पट्टी आली. त्याने विचारलं, शून्य कुठे रंगवू?
बाई म्हणाल्या, कुठेही रंगव,
फक्त कुठे ते लिहून ठेव.

ते त्याने लिहिलं नाही.
त्यामुळे आमच्या आलेखात साठ साली एक पायरी आहे,
तीन जणांचे प्रबंध तिला अडखळलेत.

तेराव्या वर्षी, सप्टेंबरात, सैनिक आले.
सूक्ष्मदर्शक नेले, नकाशे नेले,
इस्माएल कार्कामो आणि नेल्दा ओयार्सो, दोघांना नेलं.
पाण्याचे आकडे चालूच.
वाऱ्याच्या रकान्यात मात्र तीन आठवडे
वारा नाही, ही दोन नावं.
मग पुन्हा ‘नैर्ऋत्य, मध्यम.’

अहवालात मी लिहिलं: स्थापना, भूकंप,
‘काही काळ अडचणींचा’, नवी इमारत.
दुसरं वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.
जागा रिकामी आहे.

काल रात्री साठच्या वहीचा पुठ्ठा सुटला.
आतल्या बाजूला, पेन्सिलीने, तेच ठोकलेलं अक्षर:
‘शून्य: ओर्तेन्सिया जिथे उभी राहून हाक मारायची
त्या दगडावर, तिच्या घोट्याइतकं.’

दगड मला माहीत आहे. आम्ही तिथे बूट वाळवतो.
पण मुलीचं वय
एकोणचाळीस वह्यांत कुठेच नाही,
आणि वयावाचून घोटा किती उंच धरायचा?

सेन्सर दर दहा मिनिटांनी आकडा पाठवतो.
तरी आज आठला मी बादली सोडली.
दोरी ओली, हात सुन्न.
पाणी १४.२.