कापूस, कापसाला

सातवी ब ला सामान्यरूप शिकवत होते.
फळ्यावर डावीकडे कापूस, उजवीकडे कापसाला.
माणूस, माणसाला. लाकूड, लाकडाला.
विचारलं, मधला ऊ कुठे गेला?
खिडकीशी बसणारा अझहर नदाफ उठून म्हणाला,
"पिंजला गेला, बाई."
वर्ग हसला. मीही,
पण जरा उशिरा.

त्याच्या आजोबांकडे, उदगीरच्या किल्ल्याकडच्या गल्लीत,
मी गादी टाकली होती.
दारात थांबले, नाकाला पदर लावून.
बाबा तबला शिकवायचे, त्यामुळे
काहीही वाजलं की अंगठा पेरं मोजत सुटतो.
पिंजणाची तात: ट्यंव, ट्यंव, धुप्प.
ट्यंव, ट्यंव, धुप्प.
ट्यंव, ट्यंव,

अंगठा पेरावर पोचला, आणि तिथं कुणीच नाही.
मग पडला दस्ता, अर्धी मात्रा मागून,
आणि ढिगातून अख्खा ढग सुटला.

"चुकलं का, चाचा?"
चांदपाशा दाढीतला कापूस न झटकता म्हणाले,
"घाव कवा येतोय, त्ये कापसाला कळतंय, बाई.
कळलं की आंग आवळून बसतंय.
म्हनून एखादा चुकवायचा."

बाबा याला अतीत म्हणायचे.
सम निघून गेल्यावर येणारा ठोका.
आधीच आला तर अनागत.
समेवर ते तळहात मांडीवर नुसता टेकवायचे.
न वाजलेलीच जास्त ऐकू येते, म्हणायचे.
मी वहीत उतरवून घेतलं होतं.

रात्री सहामाहीचे पेपर.
अझहरचा निबंध: "आजोबा काम करलालेत."
लाल पेनानं वर लिहिलं, करू लागले आहेत.
सवय. माझंही असंच कुणी कुणी खोडत आलंय.
मग दोन्ही वाचून पाहिलं, मोठ्यानं.
माझ्या वाक्यात म्हातारा अजून बाह्या सारत होता,
त्याच्या वाक्यात धूळ उडाली होती.
खोडलेलं खोडलं.
कागद फाटला थोडा.

दिवाळीनंतर अझहर हैदराबादला गेला,
मामाच्या फोमच्या दुकानात.
दाखला नेला नाही, म्हणून हजेरीत राहिला.
पंधरा, हजर. सोळा, हजर.

अठरा.
वैजयंता गुट्टे तोंड उघडून थांबते,
जेवढं थांबायचं तेवढंच,
मग हजर.
मी कुणालाच हे शिकवलेलं नाही.

आईचा फोन येतो, "काय करलालीस?"
"काही नाही, बसलेय," मी सांगते,
शाळेतल्या आवाजात.
पलीकडे जराशी शांतता.
मग ती दुसरंच काहीतरी बोलते.

फेब्रुवारीत देगलूरहून एक मुलगा आला.
कारकुनानं त्याला रिकामा नंबर दिला.
पंधरा, हजर.
सोळा, हज
"हजर!"
सगळ्या माना वळल्या. तो उभाच होता, कान लाल.
वैजयंता श्वास घेऊन बसलेली.
माझा अंगठा
अजून सोळाव्या पेरावर.