दहाचा उणे सहावा घात

बारापात्रेंनी कूलरचा पत्रा वाकवून दिला
सहा फुटांचा बोगदा.
एका टोकाला अठरा इंची पंखा, दुसऱ्या टोकाला गाळणी,
मधे ट्रे : वाडीच्या पलीकडून आणलेली काळी माती,
उन्हात वाळवून, चाळून, सपाट केलेली.
"म्याडम, बिनापाण्याचा कूलर?
हवा मोजून का करता जी?"

जिथली माती खरोखर नासली
तो मुलूख मी पाहिलेला नाही.
माझ्याकडे त्याचे आकडे येतात :
चौरस मीटरमागे किती, कुठल्या साली, गवत आहे की नाही.
त्या विषाच्या जागी मी पसरली
निरुपद्रवी भुकटी,
जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमकणारी.

बारीक कण वाऱ्याला दाद देत नाहीत,
एकमेकांना बिलगून बसतात.
आधी उडतो जाडा कण, वाळूचा,
लगेच आपटतो,
आणि त्याच्या धक्क्याने सुटतात ते
जे मग खाली यायचं नाव घेत नाहीत.
एवढं समीकरणात बसतं.

बाहेर सेहेचाळीस. पंखा तीनवर.
मातीवर जेवढं, त्याचा जेमतेम दहा लाखावा हिस्सा हवेत,
आणि तोही रोज उतरत जाणारा,
कारण माती पापुद्रा धरते.
मी लिहिलं : नगण्य.
खाली, बारीक अक्षरात : पृष्ठभाग अबाधित धरला आहे.

त्या रात्री लाइट गेली.
अंधारात हाताला लागला तोच दिवा, बॅटरीवरचा.
लावला,
तर शेड हिरवी.
दाराची कडी. चहाच्या ग्लासाची कड.
बारापात्रेंच्या पक्कडीची मूठ.
शेवंताबाईंच्या खराट्याचा एकेक हीर,
आणि तिथून दारापर्यंत
अनवाणी पावलं, लहान, उड्या मारत गेलेली.
स्कूटीवर तोंडाला बांधायच्या माझ्या दुपट्ट्यावर,
श्वास जिथून आत जातो तिथे,
बोटभर उजेड.

"रोज पाणी शिंपडूनच झाडतो मी," शेवंताबाई म्हणाल्या,
"पण काल नळच नाही आले नं बाई.
नातीले शाळा नोती, संगं आणलं."
त्यांना कुठलाही घात ठाऊक नव्हता.
उंबरठा मात्र ठाऊक होता :
माती किती ओली असली की उठत नाही.

दुपट्टा दोनदा धुतला, गच्चीवर टाकला.
वही काढून "अबाधित" खोडलं.
त्या जागी काय लिहावं, अजून सुचलेलं नाही.
वारा अगदी पडला होता,
चिंचेचं पानही हलत नव्हतं,
खाली कुणाचा तरी खराटा सुरू झाला.