नष्ट जमीन

एकोणीसशे चौऱ्याण्णवचं विमान
सकाळी नऊच्या सुमारास गेलं असावं या गावावरून.
नारळांच्या सावल्या पश्चिमेला पडल्यात,
झाडाइतक्याच लांब.

सेमारंगच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर
मी त्या करड्या फोटोवर ड्रोनचा यंदाचा फोटो बेततो,
जुन्या लुंगीवर ठिगळ बेतावं तसा.
मशिदीचा घुमट जुळतो.
शाळेचा एक कोपरा.
बाकी ठिगळच मोठं.

मग रेघ ओढायची:
इथवर जमीन, इथून समुद्र.
एक पिक्सेल म्हणजे हातभर.
रेघेपलीकडच्या गटांसाठी यादीत रकाना आहे
आणि त्यात भरायला एकच शब्द: नष्ट.

मंगळवारी वार्सिनाह आली.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी,
आत हिरव्या पुठ्ठ्याची सनद, कोरडी ठाक.
सारोंगचा काठ मात्र ओला,
त्यावर मिठाची पांढरी किनार.
तीनदा भराव घातला घरात, म्हणाली,
आता आमच्याच दारातून आम्ही वाकून शिरतो.

मी तिला पडद्यावर तिचं तळं दाखवलं,
म्हणजे ते जिथे असायचं तिथलं पाणी.

हा फोटो कधीचा?
सतरा मार्चचा.
तारीख नाही रे. वेळ.
दुपारी सव्वादोन.

तिने बोटांच्या पेरांवर रजबचे दिवस मोजले.
पौर्णिमेचा दुसरा दिवस.
उधाण होतं. ओहोटीला ये.
पहाटे चारला माझा बांध वर येतो,
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता येतं.

अंधारात फोटो येत नाही, मी म्हणालो.
आम्ही तेव्हाच मासे काढतो, ती म्हणाली.
आणि मग, अजिबात न चिडता,
तुम्ही लोक आम्हाला पाण्यातच पाहता.

जुना फोटो मोठा कर म्हणाली.
केला. चौकोन चौकोन होईपर्यंत केला.
तळ्याच्या बांधावर एक ठिपका होता,
त्याला सावली होती.

ही मी.
सुलास्त्री पोटात होती,
म्हणून सावली अशी रुंद.

तीन चौकोन. खांब असेल,
पालथी घातलेली टोपली असेल,
इतक्या वरून माणूस ओळखू येत नाही
हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
मी काही बोललो नाही.
तिने काचेवर बोट ठेवलं. बोटाचा ओला ठसा
बराच वेळ वाळला नाही.

संध्याकाळी रेघ तिथेच राहू दिली.
पुढे नाही, मागे नाही.
फक्त शेऱ्यात लिहिलं:
छायाचित्र भरतीच्या वेळचे. ओहोटीला पुन्हा पाहावे.

साहेब विचारतील, आधार काय?
गट क्रमांक चारशे सतरा,
बांधावर तीन चौकोन,
करडे,
सावलीसकट.