वजनाची वही

देशाला झेंडा मिळाला मार्चमध्ये,
विमानं मे महिन्यात.
दोन. नॉर्वेतल्या कुठल्याशा बुडीत कंपनीची,
पंखेवाली, सेकंडहँड. सीटच्या पाठीवर
अजून त्यांच्याच भाषेतल्या सूचना.
त्या आम्हाला कधी वाचता आल्या नाहीत
आणि त्यावाचून कधी अडलंही नाही.

रंगवायला बोलावलं एउजेनियूला.
त्याने जन्मभर होड्याच रंगवलेल्या,
म्हणून आमच्या विमानांच्या नाकाला
दोन्ही बाजूंनी एकेक डोळा.
खडक दिसावेत म्हणून, म्हणाला.
आकाशात खडक कुठले? मंत्रिसाहेब हसले.
साहेब, तुम्ही आमचा डोंगर
अजून धुक्यात बघितला नाही.

मी देओलिंदा. सांता इरिया एअरवेज,
कर्मचारी क्रमांक अकरा. काम : काटा.
सात बेटं, पाच धावपट्ट्या.
त्यातली बाइशूची म्हणजे फुटबॉलचं मैदान,
रविवारी हाफटाइम होईपर्यंत
विमान वर घिरट्या घालायचं.
अशा विमानात किलो-किलोचा हिशोब.
चढणारा प्रत्येक जण आधी माझ्या काट्यावर.

आकडा मी मोठ्याने वाचत नसे.
बायका एवढ्यासाठीच माझ्या रांगेत यायच्या.
मंत्रिसाहेब एकशे चार भरले,
म्हणाले, नव्वद लिही.
मी एकशे चार लिहिलं आणि त्यांची बॅग उतरवली.

बारा ऑगस्ट. शाळामास्तर, अठ्ठावन्न.
क्रमिक पुस्तकं, चाळीस.
पिशवीतला कोंबडा, जो मास्तरांनी शेवटपर्यंत
कबूल केला नाही, दोन.
मतपेट्या, प्रत्येकी सहा. त्यातली एक, नऊ.
कुणी विचारलं नाही. मी लिहून ठेवलं.

मग ती तीन वर्षं, पाऊस न आलेली.
विमानात दोन माणसं जास्त मावायला लागली.
बेलार्मिनो कॅप्टन खूश : इंजिन सुधारलंय म्हणे.
मी वही उघडून त्याच्यापुढे धरली.
तेच मास्तर, सत्तेचाळीस.
तीच सुईण, एकोणचाळीस, मूल पाठीशी धरून.
त्यानंतर तो सेका बेटावर उतरला
की जेवणाचा डबा तिथेच विसरायचा.
रोज विसरायचा.

झुल्मिरा राजधानीला ऑपरेशनला गेली तेव्हा एक्कावन्न.
परत आली ती ‘माल’ या रकान्यात,
लाकडासकट ऐंशी.
मी ते खोडून प्रवाशांत लिहिलं.
ऑडिटवाल्यांनी लाल शाईने पुन्हा मालात टाकलं.
मी पुन्हा खोडलं. त्या पानाला
आता आरपार भोक आहे.

कंपनी विकली तेव्हा भाषणं झाली.
नव्या मालकांचं जेट चकचकीत, नाकाला डोळे नाहीत,
बाइशूला ते उतरतच नाही.
त्यांच्या हिशोबी माणूस म्हणजे सरासरी चौऱ्याऐंशी,
हातातल्या सामानासकट.
मग मास्तर कोण, सुईण कोण,
कोंबडा कुणाच्या पिशवीत,
विचारायचं कारणच उरलं नाही.

वह्या मागितल्या त्यांनी. एकोणतीस होत्या.
मी म्हटलं, उंदरांनी खाल्ल्या.

काटा गेला लिलावात, मासळीबाजारात.
परवा अर्धा ट्यूना घ्यायला गेले
तर समोर तोच, पायाशी माझ्याच चपलांचा घासा.
हा काटा तीन किलो जास्त दाखवतो.
नवव्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं,
पण बोलले नाही. समुद्रावरून उडताना
असावेत म्हटलं हाताशी थोडे
कुणालाच माहीत नसलेले किलो.

मासेवाली सुईकडे बघून म्हणाली, अकरा.
मागच्या रांगेतली पोरं हसत होती,
वर कुठेतरी जेट गेलं.
मी अकराचे पैसे मोजले.